मोशन सेन्सर : घर-दुकानाच्या अलार्मसाठी कुठे बसवायचा, कसा जोडायचा, कसा तपासायचा

घराला कुलूप लावून चार दिवस गावी जायचं म्हटलं की अर्धा जीव घरातच राहतो. गणपती, गावची यात्रा, लग्नसराई, मे महिन्याची सुट्टी, निमित्त काहीही असो. म्हणून आता सराफी दुकानांबरोबर साध्या घरांतही अलार्म बसू लागले आहेत. पण ज्यांच्याकडे अलार्म आहे त्यांना विचारा, एक उत्तर बऱ्याचदा मिळतं : "हाय की अलार्म, पण उगाच वाजालंय म्हणून बंद करून ठेवलंय."

बंद करून ठेवलेला अलार्म म्हणजे भिंतीवरची शोभा. आणि बंद केला नाही, रोज रात्री विनाकारण वाजत राहिला, तर गल्लीतले लोक चार दिवसांत कान बंद करतात. मग खरा चोर आला त्या रात्री 'लांडगा आला रे' अशी गत होते. असं उगाच वाजण्यामागे बहुतेक वेळा यंत्राचा दोष नसतो. सेन्सर चुकीच्या जागी लावलेला असतो किंवा लावल्यानंतर कुणी नीट तपासलेला नसतो. ही दोन्ही कामं कशी करायची, ते या लेखात क्रमाने पाहू. काम स्वतः करा किंवा इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, माहिती दोन्ही वेळा उपयोगाची आहे.

हा सेन्सर नेमकं काय बघतो?

घरगुती अलार्ममध्ये जो पांढरा डबा कोपऱ्यात दिसतो तो बहुतेक वेळा पीआयआर जातीचा सेन्सर असतो. त्याला कॅमेऱ्यासारखं चित्र दिसत नाही. माणसाच्या अंगातून जी उष्णता किरणांच्या रूपात बाहेर पडते, ती तो ओळखतो. डब्याच्या तोंडावर दुधी रंगाचं, बारीक रेघांचं प्लास्टिक असतं. ती साधी झाकणी नाही, ती लेन्स आहे. ही लेन्स समोरच्या खोलीचे पंख्यासारखे पसरलेले अनेक पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेला की आतल्या सेन्सरवर पडणारी उष्णता पटकन बदलते आणि तो पॅनेलला खबर देतो.

यातून तीन गोष्टी निघतात. पुढचं सगळं काम त्यांच्यावरच उभं आहे.

पहिली, माणूस सेन्सरच्या समोरून आडवा गेला तर लगेच पकडला जातो. सरळ सेन्सरच्या दिशेने चालत आला तर पट्टे कमी ओलांडले जातात आणि उशिरा पकडला जातो.

दुसरी, उष्णता बदलणारी कुठलीही गोष्ट त्याला माणसासारखी वाटू शकते. भिंतीवर सरकणारं ऊन, देवघरातली समई, गॅसची शेगडी, फ्रिजच्या मागून येणारी गरम हवा, खिडकीतून आलेला गार वारा, सगळं त्यात आलं.

तिसरी, माणसाच्या अंगाची उष्णता खिडकीच्या काचेतून या सेन्सरपर्यंत पोचत नाही. त्यामुळे खोलीत लावलेल्या सेन्सरला काचेच्या बाहेरचा माणूस दिसत नाही. काचेच्या कपाटामागे किंवा शोकेसच्या आडोशाला कुणी लपला तर तोही दिसत नाही.

जागा कशी निवडायची?

आधी ड्रिल हातात घेऊ नका. कागदावर घराचा साधा नकाशा काढा. चोर कुठून आत येईल आणि आत आल्यावर कुठे जाईल, हे त्यावर बाणांनी दाखवा. प्रत्येक खोलीत सेन्सर लावायची गरज नसते. बहुतेक घरांत एक जागा अशी असते की तिथून गेल्याशिवाय तिजोरीच्या कपाटापर्यंत पोचताच येत नाही. माजघर, जिन्याचा पायथा किंवा खोल्या जोडणारा बोळ ही ती जागा. पहिला सेन्सर तिथे.

साध्या सेन्सरची नजर साधारण १२ मीटर, म्हणजे ४० फुटांपर्यंत जाते आणि सुमारे ९० ते ११० अंशांत पसरते. म्हणून खोलीचा कोपरा उत्तम. कोपऱ्यातून दोन्ही भिंतींपर्यंतची सगळी खोली नजरेत येते. कोपरा असा निवडा की चोराची वाट सेन्सरसमोरून आडवी जाईल.

या गोष्टी मात्र टाळा :

– सेन्सरचं तोंड खिडकीकडे किंवा थेट उन्हाच्या दिशेने नको.
– देवघर, स्वयंपाकाची शेगडी, गिझर, इन्व्हर्टर, फ्रिजची मागची बाजू नजरेत नको.
– एसीच्या किंवा पंख्याच्या झोतात, हलणाऱ्या पडद्यासमोर नको.
– दुकानात शटरच्या बरोबर समोर नको. शटर उन्हाने तापतं आणि त्याच्या फटींतून गरम वारा आत येतो. शेजारच्या भिंतीवरून, शटरमधून आत येणारा माणूस आडवा दिसेल असा लावा.
– कपाटावर ठेवलेल्या ट्रंका, नंतर येणारा सोफा, गणपतीची आरास यांनी नजर अडणार नाही याची खात्री करा.

कौलारू घर असेल तर

आपल्याकडच्या जुन्या घरांत कौलं काढून आत उतरणं ही चोराची जुनी युक्ती. भिंतीवरचा सेन्सर समोर आणि खाली बघतो. स्वतःच्या डोक्यावर काय चाललंय ते त्याला कळत नाही. म्हणून सेन्सर कौलांकडे वळवून लावायचा मोह होतो. तो करू नका. दुपारी कौलं तापतात, ढग आला की निवतात, फटींतून वारा खेळतो, आणि अलार्म दिवसभर कोकलतो. त्यापेक्षा कौलातून उतरलेला माणूस जमिनीवर जिथे पाय टेकेल ती जागा नजरेत येईल असा सेन्सर लावा. माळ्याला लाकडी तक्तपोशी असेल तर तिच्या खालच्या अंगाला लावायचे, गोल नजरेचे छतावरचे सेन्सरही मिळतात.

काचेचं कौल असेल तर त्याखाली पडणारा उन्हाचा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकत असतो. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तो कुठे पडतो ते एक दिवस बघून ठेवा आणि मगच जागा पक्की करा.

उंची, कोन आणि बसवणी

बहुतेक सेन्सर जमिनीपासून ७ ते ८ फुटांवर, म्हणजे २.१ ते २.४ मीटरवर लावण्यासाठी बनवलेले असतात. नेमका आकडा सेन्सरसोबत आलेल्या कागदावर असतो, तोच पाळा. हात पोचू नये म्हणून काही जण १० फुटांवर लावतात. मग सेन्सरच्या पायथ्याशी मोठी आंधळी जागा तयार होते. फार खाली लावला तर मांजरही माणसाएवढं दिसतं.

डबा उघडून मागची पट्टी भिंतीवर धरा, पेन्सिलने खुणा करा, ड्रिल मारा, रॉल प्लग बसवून स्क्रू आवळा. मागच्या पट्टीवर वायरसाठी पातळ ठसे असतात, त्यातला एकच फोडा. आतल्या छापील पट्टीवरच्या चौकोनी सेन्सरला बोट लावू नका. बोटाचा तेलकट डाग राहिला तर नजर मंदावते. काम झाल्यावर वायरचं भोक सिलिकॉनने बंद करा. ही दोन मिनिटांची गोष्ट बरेच जण सोडतात आणि मग पावसाळ्यात मुंग्या, कोळी, झुरळं त्या भोकातून उबेला आत शिरतात. लेन्सच्या आतून फिरणारं झुरळ सेन्सरला हत्तीएवढं वाटतं. त्या भोकातून भिंतीच्या पोकळीतली गार हवा येते, तिनेही अलार्म होतो.

घरात कुत्रं-मांजर असेल तर

'पेट इम्यून' लिहिलेले सेन्सर मिळतात. साधारण २० ते २५ किलोपर्यंतचं जनावर जमिनीवरून गेलं तर ते दुर्लक्ष करतात. पण जमिनीवरून, हा शब्द महत्त्वाचा. मांजर कपाटावर, जिन्यावर किंवा सोफ्याच्या पाठीवर चढलं की ते वरच्या पट्ट्यांत येतं आणि अलार्म होतो. म्हणून असा सेन्सर जिन्याकडे तोंड करून लावायचा नाही. दिलेल्या उंचीवरच लावायचा आणि खाली झुकवायचा नाही.

दुहेरी सेन्सर कधी घ्यावा?

पत्र्याचं गोदाम, उसळ वारा येणारी पडवी, दिवसभर तापणारं दुकान अशा ठिकाणी पीआयआर आणि मायक्रोवेव्ह अशा दोन पद्धती एकाच डब्यात असलेला सेन्सर चांगला. दोघांनाही एकाच वेळी हालचाल जाणवली तरच तो अलार्म देतो. पण मायक्रोवेव्ह लहरी काच आणि पातळ प्लायवूडच्या पलीकडेही जातात. पलीकडे रस्ता असेल तर त्याचा पल्ला आतल्या स्क्रूने कमी करा. चालू पंखाही त्याला दिसतो, तेव्हा अलार्म लावताना पंखे बंद.

बेळगाव शहर अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर असल्याने इथला उन्हाळा तसा सोसवतो. पण एप्रिलमध्ये पत्र्याखालचं तापमान माणसाच्या अंगाएवढं झालं की भिंत आणि माणूस यांतला फरक पीआयआरला कमी कळतो. अशा जागेसाठी तापमानानुसार स्वतःला जुळवून घेणारा सेन्सर मागून घ्या.

वायर जोडणी

आधी पॅनेलचा २३० व्होल्टचा पुरवठा बंद करा आणि बॅटरीची एक तार सोडा. सेन्सरला १२ व्होल्ट डीसी लागतं. घरातली दिव्याची लाईन त्याला चुकूनही जोडायची नाही.

सहा तारांची अलार्म केबल घ्या. दोन तारा वीज देण्यासाठी, दोन अलार्मसाठी, दोन टॅम्परसाठी. लाल तार अधिक, काळी तार उणे, हा नेम सगळीकडे एकच ठेवा. ही केबल २३० व्होल्टच्या वायरबरोबर एकाच पाईपमध्ये किंवा केसिंग पट्टीत घालू नका. शक्यतो फूटभर अंतर ठेवा.

अलार्मचा संपर्क नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेला असतो. हालचाल झाली की तुटतो. याचा फायदा असा की कुणी वायर कापली किंवा सेन्सरची वीज गेली तरी संपर्क तुटतो आणि पॅनेलला कळतं. टॅम्परचा संपर्क डबा उघडला की तुटतो.

आता छोटी पण महत्त्वाची वस्तू : पॅनेलबरोबर येणारा रेझिस्टर. तो अलार्मच्या तारेत, सेन्सरच्या डब्याच्या आत जोडायचा असतो. २.२, ४.७ किंवा ५.६ किलोओहम, जो पॅनेलला लागतो तोच. घाईत काम करणारे तो पॅनेलमध्येच जोडून मोकळे होतात. अलार्म चालतो, तक्रार नसते. पण मग कुणी दिवसा त्या केबलच्या दोन तारा एकमेकींना जोडून ठेवल्या तर पॅनेलला सेन्सर कायम शांतच दिसतो. रेझिस्टर सेन्सरच्या टोकाला असेल तर हीच गोष्ट पॅनेल लगेच दोष म्हणून दाखवतं.

तपासायला सोपं आहे. सेन्सरला वीज चालू ठेवून अलार्मच्या दोन तारा पॅनेलमधून सोडा आणि मल्टीमीटर लावा. सगळं स्थिर असताना रेझिस्टरचा आकडा दिसला पाहिजे, समोरून माणूस गेला की सर्किट तुटलेलं दिसलं पाहिजे.

अंतराचा हिशेब : पातळ अलार्म केबलच्या एका तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८ ओहम असतो. सेन्सर ३० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे पावणेपाच ओहम. सेन्सर जेमतेम २० मिलिअँपिअर घेतो, तेव्हा घट ०.१ व्होल्टही होत नाही. पण त्याच केबलवर अर्धा अँपिअर घेणारा सायरन जोडला तर सव्वादोन व्होल्टपेक्षा जास्त घट होते. सायरनसाठी जाड वायर वेगळी ओढा.

पॅनेलवरची सेटिंग

एका सेन्सरला एक झोन द्या. दोन सेन्सर एका झोनवर जोडले तर कुठला वाजला ते कळत नाही आणि दोष शोधताना घाम फुटतो.

पुढच्या दाराच्या चुंबकी स्विचचा झोन 'एंट्री-एक्झिट' ठेवा. बाहेर पडायला ४५ ते ६० सेकंद, आत येऊन कोड दाबायला ३० सेकंद पुरतात. माजघरातल्या सेन्सरला 'इंटीरियर फॉलोअर' प्रकार द्या. म्हणजे काय, तर घरमालक दारातून आला तर सेन्सर ३० सेकंद गप्प राहतो. पण दार न उघडता कुणी खिडकीतून किंवा कौलातून उतरला तर पहिल्याच पावलाला सायरन होतो.

रात्री घरात माणसं असताना 'होम' किंवा 'स्टे' पद्धत वापरा. यात दारं-खिडक्या पहाऱ्यावर राहतात आणि आतले सेन्सर वगळले जातात. कुठले सेन्सर वगळायचे ते झोनवार ठरवावं लागतं. टॅम्परचा झोन मात्र चोवीस तास चालू.

सेन्सरच्या आत पल्स काउंटचा जंपर असतो. १ वर ठेवला तर पहिल्या चाहुलीला अलार्म, २ किंवा ३ वर ठेवला तर थोडी जास्त हालचाल लागते. आधी १ वर तपासा, जागा त्रासाची असेल तरच वाढवा. चुकीची जागा पल्स काउंट वाढवून सुधारत नाही, उलट सेन्सर आंधळा होतो.

आणि १२३४ हा कारखान्यातून आलेला कोड पहिल्याच दिवशी बदला. इन्स्टॉलरचा कोडही.

वॉक टेस्ट : हे केल्याशिवाय पैसे देऊ नका

वीज दिल्यावर सेन्सरला स्थिर व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तोपर्यंत दिवा लुकलुकतो. नंतर पॅनेल टेस्टवर टाका, खोली रिकामी करा आणि नेहमीच्या चालीने आडवे चाला. तीन-चार पावलांत दिवा लागला पाहिजे. मग थांबा, दिवा विझू द्या आणि पुढच्या जागी जा. भिंतीच्या कडेने, वाकून, अगदी हळू चालूनही बघा. ज्या खिडकीची काळजी वाटते तिथून सुरुवात करा. दिवा जिथे लागला नाही तिथे खडूने खूण करा. खुणा चोराच्या वाटेवर येत असतील तर सेन्सरचा कोन किंवा जागा बदला.

वायरलेस सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी एकदा चाहूल दिल्यावर काही मिनिटं झोपतो. टेस्ट बटण दाबून तपासा, नाही तर 'चालत नाही' असा गैरसमज होतो.

चाचणी दुपारी एकदा आणि रात्री एकदा करा. झाल्यावर सेन्सरचा दिवा बंद करणारा जंपर काढा. दिवा चालू राहिला तर दुकानात येणारा कुणीही, सेन्सरला कुठून दिसत नाही ते गिऱ्हाईक बनून शोधू शकतो. दुकानदारांनी आणखी एक सवय लावावी : रोज शटर ओढण्याआधी सेन्सरसमोरून एक फेरी मारायची. दिवसा कुणी लेन्सवर टेप किंवा स्प्रे मारून गेला असेल तर तेव्हाच कळेल.

वीज गेली तर?

मृगाच्या वळवासकट पावसाळ्याचे चार महिने वीज कधी जाईल सांगता येत नाही. पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. पॅनेल, कीपॅड आणि चार सेन्सर मिळून २०० मिलिअँपिअर घेत असतील तर कागदावर ३५ तास होतात. बॅटरी जुनी होत जाते, म्हणून २४ तासच धरा. तीन-चार वर्षांनी बॅटरी बदला.

मोबाईलवर खबर येणार असेल तर वायफायच्या राउटरलाही बॅकअप हवा. सिमवर चालणारं पॅनेल असेल तर रिचार्ज संपलेला नाही ना ते गावी जाण्याआधी बघा. जुनी पॅनेलं फक्त २जी वर चालतात. जिओचं नेटवर्क ४जीपासून सुरू होतं, त्यामुळे त्याचं सिम त्यांत चालत नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेटवर्कचा भरवसा कमी, तिथे बाहेर दणदणीत सायरन आणि जागा शेजारी हाच खरा आधार.

तरीही उगाच वाजत असेल तर

वाजला तो झोन आणि वेळ वहीत लिहा. रोज दुपारी एकाच वेळी वाजतो, तर ऊन. पहाटे वाजतो, तर गार वारा किंवा मांजर. पावसात वाजतो, तर ओल आलेली जोडणी किंवा किडे. कधीही वाजतो, तर सैल स्क्रू, जुनी बॅटरी किंवा २३० व्होल्टच्या वायरला खेटलेली केबल. आठवडाभराची नोंद असली की कारण बहुधा कळतं. वैतागून झोन बंद करणं हा उपाय नाही.

महिन्यातून एकदा लेन्स कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि वॉक टेस्ट करा. रंगकाम निघालं तर सेन्सर झाकायला सांगा. लेन्सवर रंगाचा हात फिरला तर ती गेलीच.

गावी निघायच्या आदल्या संध्याकाळी एवढं करा : वॉक टेस्ट, पॅनेलची वीज काढून बॅटरीवर सायरनची चाचणी, आरास-पडद्यांनी नजर अडली नाही ना ते बघणं, आणि शेजाऱ्याला सांगणं. अलार्म वाजला तर आत न शिरता आधी ११२ ला फोन करायचा, हेही त्याला सांगून ठेवा. सेन्सरचं काम खबर देण्याचं आहे. ती खरी आहे असं गल्लीला वाटलं पाहिजे, आणि ते तो एरवी गप्प राहिला तरच वाटतं.